जुन्या मोटरसायकलमध्ये फेरफार करताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
नमस्कार. बारा वर्षे वापरलेली, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटर असलेली मोटरसायकल मी नुकतीच विकत घेतली असून ती माझ्या मनासारखी करून घेण्याची इच्छा आहे. उंच हँडलच्या जागी सपाट व आखूड हँडल बसवायचे, लांब सीट काढून एकाच माणसापुरती सीट करायची आणि तिच्यामागे उरणारा सांगाडा कापायचा, हवेच्या फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचा आणि पुढे दोन जादा दिवे जोडायचे, असा बेत आहे. आधीच्या मालकानेही हौस भागवून घेतलेली दिसते, कारण हेडलाइटमागे हात घातला तेव्हा कोठून निघाल्या आणि कोठे गेल्या याचा पत्ता न लागणाऱ्या पाच-सहा वायरी टेपात गुंडाळलेल्या सापडल्या. यांपैकी आधी काय करावे आणि काय टाळलेले बरे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १:
त्या टेपापासूनच सुरुवात करा. गाडी मुळात कशी चालायला हवी हे कळल्याशिवाय त्यात बदल केला, तर पुढे उद्भवणारा दोष तुमच्या बदलाचा की जुन्या झिजेचा, हे ओळखता येत नाही. जादा वायरी एकेक करून मुळापर्यंत शोधाव्यात, निकामी असतील त्या काढाव्यात आणि नुसते पिळलेले जोड तोडून नीट क्रिंप करावेत (धातूच्या टोपीत दाबून पक्के करावेत) किंवा डाग द्यावेत. त्याच बैठकीत हँडलचे आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, ब्रेकचे ऑइल आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही पाहून घ्यावा. त्यातले पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात.

जादा दिव्यांबाबत आधी हिशेब करा. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर ओढतात आणि लहान इंजिनाच्या चार्जिंगला, विशेषतः गाडी संथ चालत असताना, हा भार झेपत नाही. कमी वॅटचे एलईडी घ्यावेत आणि त्यांना स्वतंत्र फ्यूज व रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) द्यावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट आणि रेस दिल्यावर 14 च्या आसपास दिसायला हवेत. सगळे दिवे लावून हा आकडा 13 च्या खाली घसरत असेल, तर भार जास्त झाला असे समजावे.

उत्तर २:
हँडल घरी बदलता येते, पण बहुतेकांची फसगत केबलींमध्ये होते. हँडल खाली आले की उंच हँडलसाठीच्या लांब केबलींचे वेटोळे टाकी आणि फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) यांच्यामध्ये येते. मी स्वतः हे तपासले नव्हते. एका अरुंद वळणावर हँडल पूर्ण डावीकडे वळवताच ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि मूठ न फिरवताही रेस वाढली. गाडी कुंपणावर जाऊन थांबली, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून मी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो आणि आवाज तसूभर जरी वाढला, तरी केबलचा मार्ग बदलतो. ब्रेकचा पाइपही त्याच वेळी पाहावा. तो कोणत्याही टोकाला ताणला जाता कामा नये आणि टाकीवर घासताही कामा नये. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे स्विचच्या डबीत आतून एक लहान खुंटी असते व तिच्यासाठी हँडलला छिद्र लागते. छिद्र नसेल तर ते नेमक्या जागी पाडावे. खुंटी घासून टाकली की डबी हँडलवर गोल फिरू लागते.

प्रश्नकर्ता:
आपल्या सांगण्यावरून टेप उलगडला. त्यातल्या तीन वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या आणि एक फ्यूजविना थेट बॅटरीवर होती. ती काढून टाकली आहे. सांगाडा आणि फिल्टर यांबद्दलही कोणी लिहावे.

उत्तर ३:
फ्यूजविना बॅटरीवर जोडलेली वायर वेळीच सापडली, हे बरे झाले.

सीटखालच्या दोन नळ्यांना मागे जोडणारी कमान केवळ शोभेची नसते. ती गेली की नळ्या सुट्या पडून पिळवटतात आणि शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्याजवळ तडे जाऊ लागतात. म्हणून कापायचेच असेल तर त्या माथ्याच्या मागेच कापावे आणि त्याच जाडीची नवी कमान, सांध्याच्या आत नळीचा तुकडा घालून, चांगल्या वेल्डरकडून बसवून घ्यावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) यांची जोडणी सोडावी. त्याआधी, शॉकॲब्सॉर्बर जितका दबू शकतो तितके चाक वर उचलून टायर कमानीला लागतो का, हे मोजून घ्यावे, कारण नुसत्या उभ्या गाडीवर भरपूर दिसणारी मोकळी जागा खड्ड्यात नाहीशी होते.

उघड्या फिल्टरच्या बाबतीत माझे मत प्रतिकूल आहे. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) मूळ डब्यातून येणाऱ्या हवेला जुळवलेले असतात. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि प्लगचे टोक तपकिरीऐवजी पांढरे दिसू लागते. मोठे जेट घालून हे सावरता येते, परंतु त्या साऱ्या खटपटीतून मिळतो तो मुख्यतः आवाज. पिकअप हवा असेल तर पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) एका दाताने लहान करून पाहावे: 15 व 42 दातांच्या जोडीत 15 चे 14 केले की गुणोत्तर 2.8 वरून 3 होते आणि फरक पहिल्याच चढावर कळतो. त्याच वेगाला इंजिन मात्र सुमारे सात टक्के जास्त फिरते, त्यामुळे रोजचा लांबचा सरळ रस्ता असेल तर मूळचे 15 दातांचे स्प्रॉकेट जपून ठेवावे.