उत्क्रांती मान्य केल्यावर देवाला ‘कर्ता’ म्हणायचं का?

रानवाट: कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर करते, त्यात अळ्या भरते. अळीला ती मारत नाही, डंख करून लुळी करते, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. २२ मे १८६० रोजी डार्विनने अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्रात असाच पेच लिहिला होता. जिवंत अळीला आतून खाऊन वाढणाऱ्या माश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या, हे त्याला पटेना. मलाही पटत नाही. एकेक जीव घडवणारा देव मानला, की हे सगळं त्याच्याच पदरात घालावं लागतं.

कपाशीवाला: क्रूर कुणासाठी? ट्रायकोग्रामा हा बारीक कीटक कपाशीवरच्या बोंडअळीच्या अंड्यात अंडी घालतो म्हणून आम्ही शेतात ट्रायकोकार्ड, म्हणजे हे कीटक ज्यातून बाहेर पडतात ती कार्डं, लावतो. एखादी फवारणी वाचते. देवाचा हिशेब एका अळीवरून मांडू नका.

रानवाट: दादा, मग बोंडअळी कुणाची? बीटी कपाशीतल्या कीडनाशक विषाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी नैसर्गिक निवडीनेच पसरली. तुमचं पीक वाचलं तर देवाची कृपा आणि बुडालं तर निसर्ग, असं कसं चालेल?

सश्रद्ध: पत्राचा पुढचा भाग तुम्ही सोडलात. सगळं आंधळ्या शक्तीतून आलं, असं मानूनही डार्विनचं समाधान होत नव्हतं. नियम आखलेले असावेत, तपशील मात्र योगायोगावर सोडलेले, असा त्याचा कल होता. ग्रे तर श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच लढवली.

रानवाट: हो, पण जीवांतले बदल देवच हितकर दिशेला वळवतो, हे ग्रे यांचं म्हणणं डार्विनने १८६८च्या ग्रंथात नाकारलं. कड्यावरून पडलेले दगड गवंड्याच्या उपयोगी पडले, म्हणून ते त्याच्यासाठी तसे फुटले असं होत नाही.

जुनाजाणता: मत्स्य, कूर्म, वराह... आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय.

रानवाट: काका, क्रम जुळल्यासारखा वाटतो, एवढंच. अवतार काही कार्यासाठी येतो. माशाला पाय फुटले ते पुढे माणूस व्हायचं म्हणून नव्हे.

सश्रद्ध: माशीच्या डंखात मी देव शोधतच नाही. त्या अळीसाठी तुमचा जीव कळवळला ना, तिथे शोधते.

रानवाट: ताई, ती कळवळसुद्धा पिल्लं सांभाळणाऱ्या प्राण्यांत उत्क्रांत झालेली आहे.

सश्रद्ध: झाली असेल. डोळाही उत्क्रांत झाला, म्हणून त्याला दिसतं ते खोटं ठरत नाही.