‘द हंड्रेड-फूट जर्नी’ : चिमूटभर मसाल्याने काय होतं?

खलबत्ता : सिनेमात मुंबईचं कदम कुटुंब फ्रान्समधल्या एका गावात, मादाम मॅलरीच्या फ्रेंच हॉटेलसमोर, शंभर फुटांवर भारतीय हॉटेल काढतं. हसन हा त्यांचा स्वयंपाक करणारा मुलगा. कालच्या पोस्टमध्ये या सिनेमाबद्दल वाक्य होतं, "हसनने वाइनमधल्या बीफला आपला मसाला लावला आणि मेलेल्या फ्रेंच स्वयंपाकात जीव आला." राग आला म्हणून सविस्तर लिहितोय. बफ बुर्गिन्यों, म्हणजे हेच वाइनमधलं बीफ, वाइनमध्ये मंद आचेवर तीनेक तास शिजतं. त्यात हळद-धने-जिऱ्याची पूड वरून भुरभुरली तर ती कच्चीच लागते, कारण मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. उलट रस आटत जातो तसा वाइनचा तुरटपणा आणि हळदीचा कडवटपणा दोन्ही वाढतात. करायचंच तर किलोभर मांस थोडं थोडं परतून घ्या. एकदम टाकलंत तर पाणी सुटतं, मग ते भाजत नाही, उकडतं. मांस काढून त्याच चरबीत अख्खे धने, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा अर्धा मिनिट तडतडू द्यायचा, मगच वाइनची बाटली ओतायची. फोडणी न देता मसाला टाकणं हा आपल्या स्वयंपाकाचा गौरव नाही, अपमान आहे.

पितळी_डबा : सिनेमा नीट बघा. मादाम मॅलरीच्या स्वयंपाकघरातल्या मार्गरीतने दिलेल्या पुस्तकांतून हसन आधी पाच मूळ सॉस शिकतो : बेशामेल, वलुते, एस्पान्योल, हॉलंडेझ, तोमात. मसाला त्यानंतर येतो. आणि ऑम्लेटच्या प्रसंगात त्याचे हात भाजलेले असतात, तो सांगतो आणि मादाम मॅलरी करते. देवाणघेवाण याहून वेगळी कशी दाखवायची?

खलबत्ता : ऑम्लेटचं नावच काढू नका! फ्रेंच ऑम्लेट म्हणजे तीन अंडी, चमचाभर लोणी, जेमतेम मिनिटभर आच. बाहेरून फिकट पिवळं, डाग नाही, आत ओलसर. त्यात आपल्यासारखे कांदा-टोमॅटो घातले तर एवढ्या वेळात कांदा कच्चा राहतो, टोमॅटोला पाणी सुटतं आणि गुंडाळी फाटते.

सांडगी : कांदा-मिरची आधी तुपात परतून निथळून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा. प्रश्न मिटला.

पितळी_डबा : तूप घेतलं की ते फ्रेंच ऑम्लेट राहिलं नाही. लोण्यातलं पाणी उडताना फेस येतो. तो बसला की तवा तयार, दुधाचे कण तांबूस व्हायच्या आत अंडी ओतायची. तुपात ही खूणच मिळत नाही.

सांडगी : खूण नाही मिळाली तर अंड्याचा एक थेंब टाकून बघायचा! लोण्याला एवढं देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही.

रस्सेवाला : तुम्ही लोणी-तुपावर भांडत बसा. आडनाव कदम, हॉटेलचं नाव ‘मेझों मुंबई’, आणि तांबडा-पांढरा रस्सा सोडाच, साधी सुकटीची चटणी कुठे आहे? शिवाय शंभर फूट चालायचं ते कदमांच्या पोरानेच. दुसरा मिशेलिन तारा (मिशेलिन गाइड उत्तम हॉटेलांना देतं तो मान) मिळतो तो रस्त्यापलीकडच्या हॉटेलला. सिनेमा 2014 चा. पण त्याआधीच लंडनच्या ‘झायका’ आणि ‘टॅमरिंड’ या हॉटेलांना भारतीय जेवणासाठीच 2001 मध्ये तारे मिळाले होते.

पितळी_डबा : पॅरिस सोडून हसन परत येतो, हे विसरलात.

रस्सेवाला : येतो, पण त्याच पलीकडच्या हॉटेलात!

सांडगी : दोघांनी पाँडिचेरीकडे बघा. तिथे 1954 पर्यंत फ्रेंच अंमल होता. तमिळ घरातलं वडवम म्हणजे छोटा कांदा, लसूण, मेथी, मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता. जाडसर कुटायचं, गोळे करायचे, उन्हात वाळवायचे, रोज संध्याकाळी मोडून पुन्हा वळायचे, शेवटी एरंडेलाचा हात. तेच फ्रान्समध्ये ‘वादुवां’ झालं. आतपर्यंत वाळलं नाही तर मात्र गोळ्याला बुरशी धरते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कांकालचे शेफ ऑलिव्हिए रोलांजे यांनी तर समुद्रापारच्या मसाल्यांवरच आपला स्वयंपाक उभा केला आणि 2006 मध्ये तिसरा तारा मिळवला. म्हणजे लग्न जमतं.

खलबत्ता : वादुवां मान्य करावंच लागेल. त्यात पाणी उरलेलं नसतं, लोण्यात मंद परतलं की वास सुटतो आणि गाळून सॉसमध्ये घेता येतं. म्हणजे शेवटी परतावं लागतंच, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. ऑम्लेटमधल्या टोमॅटोला मात्र माझा विरोध कायम. बिया काढल्या तरी.