स्टॅम्प पेपरवरची फारकत चालते का? आणि साडेचार वर्षांच्या मुलीचा ताबा

सदाफुली:
बहिणीसाठी विचारतेय. लग्न २०१७ मध्ये नाशिकला, हिंदू पद्धतीने. संसारही तिथेच. गेले १४ महिने ती मुलीला घेऊन पुण्यात राहते. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत आहे. सासरचे म्हणतात, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहू, नोटरी करू, झालं. मुलीचं नंतर समजुतीने बघू. बहिणीला कोर्टातूनच हवंय. मग अर्ज नाशिकला की पुण्याला? सहा महिने थांबावंच लागतं का? आणि मुलगी पाच वर्षांची झाली की ताबा वडिलांकडे जातो, हे खरं का?

तळटीप:
नोटरी फक्त सह्या कोणाच्या एवढं सांगते, लग्न मोडू शकत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे तोवर कोर्टाचा हुकूमनामा हवाच. काडीमोडाची जुनी रूढी असलेल्या समाजांना कलम २९(२) मध्ये सूट आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. नुसत्या नोटरीवर कोणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल, शिवाय फौजदारी गुन्हा.

तुमच्यासाठी कलम १३-ब, परस्पर संमती. अट एक वर्ष वेगळं राहण्याची, ती पूर्ण झाली आहे.

सहा महिन्यांचं गणित नीट मांडा. अर्ज दाखल होतो ती पहिली तारीख; दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन संमती कायम आहे असं सांगायचं ती दुसरी तारीख. सहा महिने या दोन्हींच्या मधले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात ही मुदत माफ करता येते असं सांगितलं, पण त्यातली पहिलीच अट अशी की अर्ज दाखल होण्याआधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे १८ महिने विभक्त राहणं झालेलं असावं. २०२१ मध्ये अमित कुमार प्रकरणात या अटी उदाहरणादाखल आहेत, संपूर्ण यादी नव्हे, असंही म्हटलं गेलं, तरी खालच्या कोर्टात पहिला प्रश्न १८ महिन्यांचाच येतो. म्हणून माझं मत: आजच दाखल करा. माफी नाही मिळाली तरी विसाव्या महिन्याला दुसरी तारीख घेता येते. १८ महिने भरायची वाट पाहिली आणि माफी नाकारली, तर चोविसावा महिना उजाडेल. माफीचा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्याने करता येतो, तो आताही देऊन बघा. आणि दाखल केल्यापासून १८ महिन्यांच्या आत दुसरी तारीख घ्याच.

मोगरा_१२:
कोर्टाबद्दल. लग्न जिथे झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा अर्जदार पत्नी सध्या जिथे राहते, यांपैकी कुठेही अर्ज चालतो (कलम १९). म्हणजे नाशिक आणि पुणे दोन्ही. मी पुणे सुचवेन, आणि कारण प्रवासाचं नाही. ताब्याच्या अटी पुढे बदलायच्या झाल्या तर कलम २६ खाली अर्ज हुकूमनामा देणाऱ्या कोर्टातच करतात. मुलगी पुण्यात वाढणार असेल तर दर वेळी नाशिकची तारीख कशाला?

पाच वर्षांचं: १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल 'सामान्यतः' आईकडे, एवढंच आहे. पाचवा वाढदिवस झाला की ताबा आपोआप वडिलांकडे, असं कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, आणि त्यात शाळा, शेजार, रोज कोण सांभाळतं हे पाहिलं जातं.

संमतीच्या अटींत 'वडील सोयीनुसार भेटतील' असं एक वाक्य घालायचं नाही. भेट नाकारली गेली आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करायची वेळ आली, की 'सोय' म्हणजे काय यावरच सगळं अडकतं. लिहायचं असं: महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६, घ्यायला वडील येतील, पोचवायलाही तेच. दिवाळी आणि गणपती आलटून पालटून, यंदा कोणता सण कोणाकडे ते नावानिशी. मेची सुट्टी अर्धी-अर्धी. व्हिडिओ कॉल आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता. एकाने शहर बदललं तर दुसऱ्याला किती दिवस आधी कळवायचं. मुलीच्या पासपोर्टला वडिलांची संमतीही यातच घ्या, नंतर सहीसाठी धावाधाव होते.

सदाफुली:
बहीण म्हणते, मुलीचा खर्चही नको, फक्त शांतता हवी. चालेल?

मोगरा_१२:
स्वतःची पोटगी ती सोडू शकते. मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क, आईने लिहून सोडला म्हणून संपत नाही; कोर्टही असं कलम पाहून प्रश्न विचारतं. दरमहा ठराविक रक्कम, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात, दर वर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी आणि दवाखाना वेगळा की धरून, हे आकड्यात लिहा. 'शिक्षणाचा खर्च वडील करतील' यात क्लासची फी बसते की नाही यावर दोन वर्षांनी भांडण ठरलेलं.

ओसरी:
दोन गोष्टी राहिल्या. एक, हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ सालीच हे ठरलं आहे. त्यामुळे एकरकमी पैसे ठरले असतील तर सगळे पहिल्या तारखेलाच देऊ-घेऊ नका. काही तेव्हा, उरलेले दुसऱ्या तारखेला डिमांड ड्राफ्टने, आणि ड्राफ्टचा क्रमांक जबाबात येऊ द्या. दागिने, स्त्रीधन परत मिळाल्याची यादीही सहीनिशी जोडा.

दोन, कागद. विवाह नोंदणीचा दाखला; नसेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि प्रतिज्ञापत्र. मुलीचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं, बहिणीचा पुण्याचा पत्त्याचा पुरावा, कारण आधारवर नाशिक असेल तर 'पत्नी पुण्यात राहते' हे कशावरून, असं कार्यालयातच विचारतात. भाडेकरार किंवा मुलीच्या शाळेचा दाखला चालतो. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव दोन्ही अर्जात येऊ द्या. कोर्टाचे समुपदेशक दोघांना स्वतंत्र बोलावतात, तिथे अटींपेक्षा वेगळं काही बोललं गेलं तर अहवाल उलटा जातो.

निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलांचा अर्ज टाका, निदान तीन प्रती. शाळा, पासपोर्ट, बँक, सगळीकडे तीच मागतात.