हरिकेन येण्याआधी घर आणि गाड्यांची तयारी : आपले अनुभव लिहा

अटलांटिकमधील हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये स्थायिक झालेली आपली बहुतेक मंडळी पुणे, नाशिक, नागपूर अशा समुद्रापासून दूरच्या गावांतली असल्याने ही तयारी घरच्या मोठ्यांकडून शिकण्याचा प्रश्नच येत नाही. ती इथल्या शेजाऱ्यांकडून किंवा पहिल्या वादळाकडून शिकावी लागते. पाणी, विजेऱ्या, औषधे यांच्या सरकारी याद्या सर्वांकडे आहेत, त्या इथे पुन्हा नकोत. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यापासून ते किनाऱ्यावर येईपर्यंत आपण घराचे आणि विशेषतः गाड्यांचे प्रत्यक्षात काय केले आणि ते का केले, एवढेच लिहावे, ही विनंती.

टँपा, फ्लोरिडा

आमच्याकडे वादळाच्या श्रेणीआधी आपला झोन पाहतात. ए ते ई हे इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडून जाण्यासाठी आखलेले विभाग, समुद्राचे पाणी कुठवर चढू शकते यावरून ठरतात. वाऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा, हा इथला साधा नियम आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन हे वादळ आमच्यापासून बरेच उत्तरेला, पेरीजवळ जमिनीवर आले, तरी टँपाच्या उपसागराकाठच्या वस्त्यांत समुद्र शिरला. लोकांनी भिजलेले सोफे, गाद्या आणि भिंतींचे ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) रस्त्याकडेला आणून टाकले. ते ढीग उचलले जाण्याआधीच मिल्टन निघाले, आणि शेजाऱ्याचा सोफा आपल्या खिडकीतून आत येईल की काय, अशी एक नवीच काळजी सुरू झाली. मिल्टन ९ ऑक्टोबरला दक्षिणेला सिएस्टा की इथे धडकले. अंगणातले जे जे उचलता येते ते उडू शकते, असे धरून आम्ही खुर्च्या, कुंड्या आणि कचऱ्याचे डबे गॅरेजमध्ये घेतले. तुळशीच्या कुंडीला अखेर न्हाणीघरातच जागा मिळाली. गॅरेज असे भरल्यावर गाडी बाहेर राहते, म्हणून ती आधीच झोनबाहेरच्या एका बहुमजली पार्किंगच्या वरच्या मजल्यावर लावून ठेवली होती.

केटी, टेक्सास

हार्वे २५ ऑगस्ट २०१७ रोजी रॉकपोर्टजवळ जमिनीवर आले. ह्यूस्टनमध्ये वाऱ्याने फारसे काही केले नाही. जे केले ते पुढचे काही दिवस कोसळत राहिलेल्या पावसाने. इथले रस्ते जास्तीचे पाणी वाहून नेण्यासाठी मुद्दाम खोलगट बांधलेले असल्यामुळे रस्त्याकडेला उभी केलेली गाडी सर्वांत आधी बुडते. आम्ही एक गाडी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर नेली आणि दुसरी ड्राइव्हवेच्या अगदी वरच्या टोकाला, घराला टेकवून लावली. पाऊस ओसरू लागला तरी आम्ही गाड्या हलवल्या नाहीत, हे बरे झाले, कारण अ‍ॅडिक्स आणि बार्कर जलाशयांतून पाणी सोडावे लागले आणि तोवर कोरडी राहिलेली कित्येक घरे त्यानंतर पाण्यात गेली.

गाडी बुडालीच तर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कदाचित वाचले असते ते इंजिन कायमचे जाते. गाडीच्या पुराची भरपाई कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे अपघाताखेरीजच्या नुकसानीच्या, विम्यातूनच मिळते, आणि वादळ जवळ आल्यावर विमा कंपन्या नवे संरक्षण देणे थांबवतात. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. केंद्र सरकारच्या योजनेतील पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे हे काम मे महिन्यातच उरकायला हवे.

घरातली एक गोष्ट मला जुन्या रहिवाशांनी सांगितली. वर नेता न येणाऱ्या लाकडी कपाटांचे खालचे खण काढून वरच्या मजल्यावर ठेवावेत, कारण लाकूड फुगले की ते उघडतच नाहीत आणि आतल्या वस्तू आतच कुजतात.

मायामी, फ्लोरिडा

वरील दोन्ही प्रतिसाद पाण्याविषयी आहेत, म्हणून मी वाऱ्याविषयी लिहितो. १९९२ च्या अँड्र्यूनंतर इथे जे शिकले गेले त्यात गॅरेजचे दार महत्त्वाचे ठरले. ते घरातले सर्वांत मोठे आणि सर्वांत लवचीक दार असते. ते आत दबले की वारा घरात कोंडतो आणि छताला खालून उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरकडची पत्र्याची छपरे उडाली, त्यामागेही वाऱ्याचा हाच खेळ असतो. आमचे दार जुने होते, ते वाऱ्याच्या दाबासाठी प्रमाणित दाराने बदलून घेतले. त्या पैशांत स्वयंपाकघर नवे झाले असते, हे घरात अजूनही ऐकवले जाते.

खिडक्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे शटर आहेत. प्रत्येक फळीवर खिडकीचा क्रमांक लिहिलेला आहे, आणि जूनमध्ये एकदा सर्व फळ्या लावून पाहतो, कारण खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात आणि नट कुठे गेले ते ऐनवेळी कळते. जाड हातमोजे घालावेत, त्या कडा सुरीसारख्या असतात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्यात वेळ घालवू नये; तिने काच फुटायची थांबत नाही, उलट तुकडे मोठे पडतात.

केप कोरल, फ्लोरिडा

विजेवर चालणारी गाडी असलेल्यांसाठी थोडेसे. २८ सप्टेंबर २०२२ च्या इयननंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्यांच्या बॅटऱ्यांनी नंतर पेट घेतला, कधी कधी पाणी ओसरून बरेच दिवस झाल्यावर. त्यामुळे आमची गाडी चार्ज करून सर्वांत आधी शहराबाहेर जाते. बुडालेली गाडी मात्र गॅरेजमध्ये किंवा घराच्या भिंतीलगत ठेवू नये.

ह्यूस्टन, टेक्सास

८ जुलै २०२४ चे बेरिल केवळ पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी तीव्रतेच्या, श्रेणीचे होते, तरी वीस लाखांहून अधिक जोडण्यांची वीज गेली आणि बाहेर कडक उन्हाळा होता. वीज गेल्यावर गॅरेजचे दार हाताने उघडण्यासाठी लाल दोरी ओढावी लागते. ते घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनाही, आधी करून दाखवले होते. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर ठेवावा, आणि फोन चार्ज करण्यासाठी गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नये, दार उघडे असले तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गच्च भरून गोठवल्या होत्या. जेवणाचे म्हणाल तर दडपे पोहे, मेतकूट आणि सातूचे पीठ यांनी वेळ निभावली.

ऑरलँडो, फ्लोरिडा

आम्ही किनाऱ्यापासून आत असल्यामुळे दर मोठ्या वादळाला टँपाकडची मित्रमंडळी आमच्याकडे येतात, तेव्हा यजमानाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. निघायचे तर घर सोडण्याचा आदेश येताच निघावे. २०१७ च्या इर्माच्या वेळी महामार्ग तुंबले होते आणि अनेक पंप कोरडे पडले होते, म्हणून हंगामात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. दुसरे म्हणजे कुटुंबाने शक्यतो एकच गाडी आणावी. तीन कुटुंबांच्या सहा गाड्या आल्या की त्यांतल्या दोन तरी हिरवळीवर ओकच्या झाडाखाली उभ्या राहतात, आणि पावसाने माती भुसभुशीत झाली की ही झाडे मुळासकट आडवी होतात. यंदा मी पाहुण्यांना आधीच कळवले आहे की दुसरी गाडी तिकडच्याच उंच पार्किंगमध्ये ठेवावी आणि तिच्या चाव्या व विम्याचे कागद मात्र सोबत आणावेत.