विमानातली जागा, तिकिटाचा दर आणि आपली अंगकाठी: अनुभव आणि माहितीचा धागा

जाड माणसाने दोन तिकिटं काढावीत का, सडपातळ माणसाला तिकीट स्वस्त मिळावं का, यावर वाद भरपूर झालेत. इथे हवं आहे ते वेगळं. ज्यांच्या हाताखालून अशी तिकिटं जातात, जे वजनाची गणितं करतात, विमानात पट्टे बांधून देतात, त्यांनी नेमकं लिहावं: काय मागायचं, कुणाकडे, किती आधी, आणि घोळ कुठे होतो. आपबीती नको, उपयोगाचं हवं.

सुरुवात मी करते. विमानात अडचण होते ती वजनामुळे कमी आणि रुंदीमुळे जास्त. रुंदी घरी मोजता येते. पाठ भिंतीला टेकेल असं कडक स्टुलावर बसा, मांड्या सैल सोडा, आणि दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं धरून अंगाला हलकं टेकवायला सांगा. दाबायचं नाही. दोन पुस्तकांमधलं अंतर ४३ सेंटीमीटरच्या आत असेल तर बहुतेक इकॉनॉमी आसनांत आर्मरेस्ट खाली येईल. ४६ च्या वर असेल तर दोन आसनांचा विचार तिकीट काढतानाच करा. तसंच खांद्यांचं मोजा. पुष्कळ धडधाकट पुरुषांचे खांदे ४६ च्या पुढे भरतात आणि ते स्वतःला 'जाड' समजत नाहीत, पण शेजाऱ्याच्या जागेत तेही जातात. हा विषय फक्त लठ्ठ लोकांचा आहे, हा समज इथेच सोडलेला बरा.

तिकीट एजन्सी, ठाणे

जादा आसनाला बुकिंगमध्ये ईएक्सएसटी असा कोड असतो. सामानासाठी आसन घेतलं (सतार, तबल्याची पेटी वगैरे) तर सीबीबीजी. दोन्हींची गल्लत करू नका. सीबीबीजी असलेल्या आसनावर सामान बांधून ठेवणं अपेक्षित असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बुकिंगच्या वेबसाइटवर 'दोन प्रौढ' निवडून दोन्हीकडे एकच नाव टाकणं. एकाच विमानात एकाच नावाची दोन तिकिटं दिसली की यंत्रणा त्याला दुहेरी बुकिंग समजते आणि एक रद्द होऊ शकतं. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर 'एक्स्ट्रा सीट'चा पर्याय असेल तर तो घ्या, नसेल तर कंपनीच्या कॉल सेंटरवरून किंवा एजंटकडून करून घ्या. क्रम असा:

१. दोन्ही आसनं एकाच पीएनआरमध्ये आणि एकाच भाड्याच्या वर्गात. पुढे परताव्याचा प्रश्न आला तर वर्ग वेगळा म्हणून अडवणूक होते.
२. आसनक्रमांक त्याच वेळी घ्या. ईएक्सएसटी आहे म्हणजे शेजारचंच मिळेल असं नाही.
३. आपत्कालीन दरवाजाची रांग आणि अगदी पहिली रांग टाळा. पहिल्या रांगेचे आर्मरेस्ट उचलले जात नाहीत, म्हणजे दोन आसनांचे पैसे देऊन मधे भिंतच.
४. भाड्याचा तपशील वाचा. विमानतळाचं वापरकर्ता शुल्क माणसामागे असतं. रिकाम्या आसनावर ते लागलं असेल तर तिथल्या तिथे विचारा.
५. दुसऱ्या आसनावर सामानाची मर्यादा वाढते का, हे लेखी घ्या. कंपनीनुसार उत्तर बदलतं.

घोळ होतो तो विमान बदललं की. एअरबसच्या जागी एटीआर हे छोटं विमान आलं तर आसनांची नवी वाटणी आपोआप होते आणि १२डी-१२ई चं ७ए-१५सी होऊन बसतं. म्हणून प्रवासाच्या दोन दिवस आधी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी आसनं बघा.

चेक-इन काउंटर, १४ वर्षं

वरच्यात एक भर. जादा आसनाचा बोर्डिंग पास वेगळा निघतो आणि गेटवर तोही स्कॅन व्हावा लागतो. नाही झाला तर यंत्रणेच्या लेखी तो 'प्रवासी' आलाच नाही, आणि विमान भरलेलं असेल तर ते आसन प्रतीक्षेतल्या माणसाला जातं. नंतर आत येऊन भांडण्यात अर्थ नसतो, तोवर तो माणूस बसलेला असतो. गेटवर दोन्ही पास एकावर एक न ठेवता वेगवेगळे हातात द्या आणि "दोन्ही स्कॅन करा, एक जादा आसनाचा आहे" असं म्हणा. वेब चेक-इन अशा तिकिटाला बहुधा चालत नाही, तेव्हा काउंटरवर वेळ राखून या.

जादा आसन घेतलेलं नसेल आणि अडचण होणार हे ठाऊक असेल, तर काउंटरवर एकच प्रश्न विचारा: "मधलं आसन रिकामं असलेली रांग आहे का?" हे आम्हाला पडद्यावर दिसतं. मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या विमानांत बरेचदा मिळून जातं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात विचारून उपयोग नाही.

केबिन क्रू

पट्ट्याबद्दल लिहिते, कारण लाजेपोटी लोक सर्वात जास्त त्रास इथेच काढून घेतात. पट्टा पुरत नसेल तर त्याला जोडायचा तुकडा, एक्स्टेंडर, प्रत्येक मोठ्या विमानात असतो. साधारण दोन फूट लांब, एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला बक्कल. आत शिरताना दारातल्या क्रूला हळूच "एक्स्टेंडर लागेल, १४सी" एवढं सांगा. आम्ही तो घडी घालून मुठीत आणून देतो, कुणाला कळतही नाही. बसल्यावर घंटी वाजवून मागितला तर चार लोक वळून बघतात.

लावताना पट्टा पोटावर न घेता खाली, मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथे आला पाहिजे. जोडल्यावर ओढून घट्ट करा. पट्टा ओटीत नुसता ठेवून वर शाल ओढणारे असतात. कृपा करून असं करू नका, हवेच्या एका झटक्यात माणूस छताला लागतो.

ऑनलाइन विकत मिळणारे एक्स्टेंडर आणू नका. बक्कलांचे प्रकार वेगळे असतात. जीभ आत गेल्यासारखी वाटते, पण अडकलेली नसते. शिवाय विमानातली वस्तू देखभालीच्या तपासणीतून गेलेली असते, तुमची नाही. अमेरिकेत तर स्वतःचा एक्स्टेंडर वापरायला परवानगीच नाही. ज्या पट्ट्यात हवेची पिशवी शिवलेली असते (पहिल्या रांगेत कधी कधी असतो, हाताला जाड लागतो) त्याला साधा एक्स्टेंडर चालत नाही. आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत एक्स्टेंडर लागणाऱ्याला बसवत नाहीत, कारण सुटका करताना लोंबणारा पट्टा पायात येतो.

अजून एक, फार कमी जणांना माहीत असलेलं. मार्गिकेकडचा आर्मरेस्टही बऱ्याच विमानांत वर होतो. त्याच्या खालच्या अंगाला, मागे बिजागरीजवळ बोट फिरवा. छोटा खटका किंवा खोबणीतलं बटण लागतं. ते दाबून ठेवून आर्मरेस्ट उचला. बसताना-उठताना केवढा तरी फरक पडतो, गुडघेदुखीवाल्यांनाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी मात्र तो खाली हवा.

आसनं बसवण्याच्या कामातला

आकडे देतो. दोन आर्मरेस्टमधली रुंदी: बोइंग ७३७ मध्ये साधारण १७ इंच, एअरबस ए३२० मध्ये १८ च्या आसपास. फरक विमानाच्या पोटाच्या घेरातला आहे, कंपनीच्या मेहेरबानीतला नाही. लांबच्या प्रवासात ७७७ मध्ये एका ओळीत नऊ आसनं असतील तर १८ पेक्षा थोडं जास्त मिळतं, दहा असतील तर १७. ड्रीमलायनरमध्ये (बोइंग ७८७) नऊ बसवतात, तेही १७ च्या आसपास. ए३५० मध्ये नऊ असतील तर १८ च्या जवळ. म्हणजे परदेशी जाताना तिकिटाच्या दरासोबत विमान कोणतं आणि, ७७७ असेल तर, '३-३-३ की ३-४-३' हे बघितलंत तर एक इंच फुकट मिळतो. सहा-आठ तासांत तो इंच फार असतो.

पहिल्या रांगेत पायाला जागा मिळते म्हणून लोक जादा पैसे देतात, पण तिथे ट्रे आर्मरेस्टमध्ये दुमडलेला असतो, त्यामुळे आर्मरेस्ट जाड आणि आसन अर्ध्या-एक इंचाने अरुंद. उंच आणि बारीक माणसाला ती रांग उत्तम, रुंद माणसाला वाईट. रुंद खांद्यांना खिडकीही जाचते, भिंत वर आत वळते. मार्गिकेचं आसन घ्या, पण तो खांदा ट्रॉलीच्या वाटेत येतो हे लक्षात ठेवा. ट्रॉली जेमतेम ३० सेंटीमीटर रुंद असते आणि ढकलणाऱ्याला पुढचं दिसत नाही.

कोल्हापूर, नांदेड अशा ठिकाणांहून एटीआर किंवा एम्ब्राएर जातात. त्यात बहुधा २-२ अशी रचना असते, मधलं आसनच नाही. एम्ब्राएर १७५ चं आसन १८ इंचांहून थोडं जास्त भरतं. लहान विमान म्हणजे जास्त कोंबलेलं, असं गृहीत धरू नका.

आणखी एक खटकणारी गोष्ट. आसनाची मजबुती तपासताना जो पुतळा बसवतात तो ७७ किलोचा असतो. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये आसनाची किमान मापं ठरवायला सांगितली. त्यानंतर ओक्लाहोमा सिटीत विमान घाईने रिकामं करण्याच्या चाचण्या झाल्या, पण त्यात १८ ते ६० वयाचेच लोक होते. लहान मुलं नाहीत, म्हातारे नाहीत. ज्यांना अडकण्याची भीती सर्वात जास्त, तेच मोजणीत नाहीत.

लोडशीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) करणारा

"माझी बॅग ३ किलो जास्त भरली तर पैसे, आणि शेजारचा माझ्यापेक्षा ३० किलो जास्त, त्याला काही नाही" ही तक्रार रोज ऐकू येते. ऐकायला न्याय्य वाटते. हिशोब करून पाहू.

वाढीव वजनासाठी विमान दर तासाला त्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन जास्त जाळतं. मुंबई-दिल्ली दोन तास धरा. ३० किलोंना सुमारे २ किलो इंधन, म्हणजे अडीच लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी अडीचशे रुपये. तिकिटात इंधनाशिवाय विमानाचं भाडं, कर्मचारी, उतरण्याचं शुल्क हे सगळं आसनामागे वाटलेलं असतं, माणसाच्या किलोमागे नाही. वजनावर दर लावला तर ५० किलोच्या प्रवाशाला मोठी सूट मिळेल ही अपेक्षा चुकीची आहे. बॅगेचे पैसे हा व्यापारी निर्णय आहे, इंधनाची भरपाई नाही. फक्त एका नगाची ३२ किलोंची मर्यादा खरोखर शरीराशी जोडलेली आहे, ती उचलणाऱ्या लोडरच्या पाठीसाठी.

मोठ्या विमानात आम्ही कुणाचं वजन करत नाही, सरासरी धरतो. भारतात प्रौढ प्रवासी हातातल्या सामानासह ७५ किलो, मूल ३५, तान्हं १०. युरोपात प्रौढाला ८४. सरासरी चुकली की काय होतं याची दोन उदाहरणं आमच्या कामात सगळ्यांना पाठ असतात. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला १९ आसनी बीच १९०० कोसळलं, २१ जण गेले. शेपटीच्या नियंत्रणाची तार चुकीची लावली होती आणि भर म्हणून मागचं वजन मर्यादेबाहेर होतं. त्यानंतर तिथे हिशोबात धरायचं प्रवाशाचं सरासरी वजन वाढवण्यात आलं. दुसरं, जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून माजोर्काला निघालेलं ७३७. नव्या संगणक प्रणालीने 'मिस' लिहिलेल्या मोठ्या बायकांना मुली समजून ६९ ऐवजी ३५ किलो धरलं. कागदावर विमान १,२४४ किलोंनी हलकं झालं. सुदैवाने काही घडलं नाही.

म्हणून कधी उड्डाणाआधी "पुढचे चार जण मागे बसा" असं सांगितलं, विशेषतः एटीआरमध्ये, तर तो अपमान समजू नका. तिथे माणूस कोण हे बघत नाहीत, रांग बघतात.

वरच्याला जोडून, केदारनाथच्या हेलिकॉप्टरबद्दल

वजनावर पैसे हा प्रकार आपल्याकडे आहे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरला ८० किलोंच्या वर दर किलोला जादा पैसे घेण्याचा नियम आहे आणि काट्यावर उभं करतात. तिथे ते पटतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर, हवा विरळ, पाच-सहा माणसांचं यंत्र. एकाचं वजन वीस किलोंनी चुकलं तर एखाद्या वेळी दुसऱ्याला उतरवावं लागतं. बुकिंग करताना वजन कपड्यांसकट, स्वेटर-बूट घालून केलेलं सांगा. दक्षिण पॅसिफिकमधल्या सामोआ एअरने २०१३ मध्ये प्रवासी अधिक सामान अशा एकूण किलोंवर भाडं लावलं, तीही अशीच छोटी विमानं होती. जिथे किलो खरंच मोजावा लागतो तिथेच किलोवर दर शोभतो.

टोरंटो

इथला नियम मराठी लोकांना फारसा माहीत नाही म्हणून लिहितो. कॅनडाच्या वाहतूक न्यायाधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये 'एक माणूस, एक भाडं' असा निकाल दिला. अपंगत्वामुळे सोबती किंवा जादा आसन लागणाऱ्याकडून देशांतर्गत विमानात दुसरं भाडं घ्यायचं नाही. लठ्ठपणामुळे ज्याची हालचाल प्रत्यक्ष अडते, तोही यात येतो. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने ऐकायला नकार दिला, आणि जानेवारी २००९ पासून लागू झालं.

व्यवहारात: कंपनीच्या वैद्यकीय विभागाचा फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यायचा, त्यात बसल्यावरचं माप लागतं. फॉर्म तिकिटाआधी मिळवा आणि मंजुरी यायला वेळ लागतो हे धरून चाला. मुंबईहून टोरंटोला येणाऱ्या विमानाला हे लागू नाही, फक्त टोरंटो-व्हँकुव्हरसारख्या आतल्या प्रवासाला. आई-वडिलांचं तिकीट काढताना इथेच गफलत होते.

शेजारी अमेरिकेत उलट. तिथल्या नियमात एका तिकिटाला एकापेक्षा जास्त आसन देण्याची सक्ती नाही, असं स्पष्ट लिहिलंय. साउथवेस्ट ही विमान कंपनी वर्षानुवर्षं जादा आसनाचे पैसे परत द्यायची. २७ जानेवारी २०२६ पासून आसन आधी विकत घ्यावं लागतं, आणि परतावा मिळतो तो विमान सुटताना किमान एक आसन रिकामं असेल, दोन्ही तिकिटं एकाच वर्गाची असतील आणि ९० दिवसांत मागितला असेल तरच. जुन्या माहितीवर विसंबू नका.

भारताबद्दल: २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लठ्ठपणा नाही. त्यामुळे त्या आधारावर आसन मागता येत नाही. गुडघा, पाठ, लिम्फेडिमा (हातापायांची कायमची सूज) असं कारण असेल तर ते डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या.

शेजारच्या आसनावरच्यासाठी

तुमच्या आसनाची हद्द म्हणजे खाली आलेला आर्मरेस्ट. तो खाली येत नसेल तर दार बंद व्हायच्या आत क्रूला सांगा, तेही उठून, मागे पॅन्ट्रीजवळ जाऊन. शेजाऱ्याच्या डोक्यावरून बोलू नका, त्यालाही ते कळतंच आहे. "मला कुठेही दुसरं आसन चालेल" हे वाक्य आधी म्हणा. मागच्या रांगेतलं मधलं आसन घ्यायची तयारी असेल तर काम पटकन होतं. विमान सुटल्यावर क्रूच्या हातात रिकाम्या आसनाशिवाय काही नसतं.

विमान पूर्ण भरलेलं असेल तर आसनक्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, क्रूला नोंद करायला सांगा, उतरल्यावर आधी कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर नाही आलं तर 'एअरसेवा' या सरकारी तक्रार पोर्टलवर टाका. मागताना तुम्ही निवडलेल्या आसनाचे जे वेगळे पैसे भरले, ते परत मागा. पूर्ण भाडं मागितलं की नकाराचं छापील उत्तर येतं. शेजाऱ्याचा फोटो काढू नका. तक्रारीला त्याची गरज नसते, आणि त्या माणसाने तिकीट तुमच्याइतकंच पैसे मोजून घेतलेलं असतं.