मोफत पुस्तकाच्या प्रती काढून देण्यास झेरॉक्सचे दुकान नकार देत आहे – तातडीने मदत हवी आहे

सातपूरची_मास्तरीण
नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. प्रथम वर्ष विज्ञानाच्या ५८ विद्यार्थ्यांसाठी कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) एका मोफत इंग्रजी पुस्तकातील निवडक प्रकरणांचा मराठी अनुवाद मी गेले तीन महिने रात्री जागून पूर्ण केला आहे. त्याची १६४ पानांची पीडीएफ घेऊन काल कॉलेज रोडवरील नेहमीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारांनी दुसरे पान उघडून वाचले, पेनड्राइव्ह परत दिला आणि "मॅडम, हे छापले तर आम्ही अडकू" एवढेच सांगितले. अशोक स्तंभाजवळच्या दुसऱ्या दुकानातही हाच अनुभव आला. पुस्तक मोफत आहे, ते मी अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घेतले आहे आणि या व्यवहारात मला एक रुपयाही मिळणार नाही. बुधवारपासून सत्र सुरू होत आहे. असे काम विनातक्रार करून देणारे दुकान नाशिकमध्ये कोठे आहे, एवढेच कृपया सांगावे. कायद्याचा तास नको आहे.

पंचवटीकर
ताई, दुकानदार दुसरे पान वाचून घाबरत असतील, तर दुसरे पानच काढून टाका. रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत गेलात तर तेथे कोणी पहिले पानही वाचत नाही. आमच्या वेळी संपूर्ण अभियांत्रिकी अशाच प्रतींवर पार पडली.

खडूफळा
पंचवटीकर यांचा सल्ला कृपया मानू नये. खुल्या परवान्याचे पुस्तक असेल, तर मूळ लेखकांचा आणि परवान्याचा उल्लेख ही वापराची अटच असते, आणि तो उल्लेख बहुधा त्याच दुसऱ्या पानावर असतो. तो काढला, तर आज जे काम कायदेशीर आहे ते उद्या बेकायदेशीर होईल. मॅडम, पुस्तक कोणते, त्याचा परवाना कोणता आणि दुसऱ्या पानावर नेमके काय लिहिले आहे, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय कोणालाही नीट उत्तर देता येणार नाही.

ग्रंथपाल_निवृत्त
खडूफळा यांच्याशी सहमत आहे. ३१ वर्षे ग्रंथालयात काढल्यानंतर एक गोष्ट सांगतो, की "मोफत" आणि "मुक्त" या शब्दांची गल्लत आपल्याकडे प्राध्यापकही करतात. एखादे पुस्तक संकेतस्थळावर फुकट वाचता येते, याचा अर्थ ते छापता, बदलता किंवा अनुवादित करता येते असा होत नाही, कारण अनुवादाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कधारकाकडेच असतो. मुक्त शैक्षणिक साधने ही संज्ञा २००२ साली युनेस्कोच्या एका परिषदेत रूढ झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. अशा परवान्याने हक्कधारक परवानगी आधीच देऊन ठेवतो, मात्र ती अटींसह असते. अटींमध्ये "ना-बदल" ही अट असेल, तर तुमचा अनुवाद स्वतःच्या कपाटात ठेवता येईल, पण वाटता येणार नाही. म्हणून आधी परवाना पाहावा.

शिवाय गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आपले मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून अभ्याससाहित्य तयार करत आले आहे, तेथेही एकदा चौकशी करावी.

सातपूरची_मास्तरीण
ग्रंथपाल सर, आपल्याविषयी आदर आहे, परंतु मला दुकान हवे आहे. पुस्तक ओपनस्टॅक्सचे आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प सर्वांना माहीत असेल असे समजून मी नाव लिहिले नव्हते. मुक्त विद्यापीठाची पुस्तके चांगली आहेत, मात्र आमचे महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे आणि आमचा अभ्यासक्रम वेगळा आहे.

सी_ए_एस_इच्छुक
मॅडम, एवढे कष्ट घेतलेच आहेत, तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, अवश्य घ्यावा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो, ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि अनुवादित पुस्तकाचे गुण पुढे पदोन्नतीच्या वेळी उपयोगी पडतात. मी स्वतः मागील वर्षी दोन पुस्तकांसाठी घेतला.

सातपूरची_मास्तरीण
तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या व्यक्तीला पदोन्नती नसते, सर. आम्हाला मार्चचे मानधन जूनमध्ये मिळाले तरी आनंद होतो.

एक_पक्षकार_दोन_तारखा
मी नाशिकरोडला वकिली करतो. येथे घाबरण्यासारखे काही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रती काढणे हा हक्कभंग ठरत नाही. निकालाची प्रत दुकानदाराला दाखवावी, विषय संपेल.

खडूफळा
वकीलसाहेब, तो निकाल तेथेच संपत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तत्त्व मान्य केले, पण प्रतींमध्ये घेतलेला मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता का, हा मुद्दा पुराव्यानिशी तपासावा म्हणून खटला परत पाठवला. त्यानंतर २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे ती तपासणी झालीच नाही. शिवाय तेथे प्रश्न परवानगी नसलेल्या मजकुराचा होता. येथे परवानगी आधीपासून आहे. ज्याच्या हातात तिकीट आहे त्याने तपासनीसाशी हुज्जत का घालावी?

एक_पक्षकार_दोन_तारखा
खंडपीठाचा भाग मी संक्षेपासाठी वगळला होता. तिकिटाचा मुद्दा मान्य आहे, परंतु तिकीट कोणत्या वर्गाचे आहे ते प्रवाशाने अजून सांगितलेले नाही.

देवनागरी_लेटेक
पीडीएफ कशात तयार केली आहे? वर्डमध्ये देवनागरी आणि गणिती समीकरणे एकत्र आली की ओळींची उंची बिघडते आणि छपाईत वेलांट्या कापल्या जातात. झीलेटेक ही अक्षरजुळणीची संगणक प्रणाली वापरावी, युनिकोड टंक घ्यावा, समीकरणे आपोआप नीट बसतात. शिकण्यास दोन आठवडे पुरतात.

सातपूरची_मास्तरीण
दोन आठवडे माझ्याकडे नाहीत, बुधवार आहे. छापील प्रतच का हवी, असे कोणी विचारण्याआधी सांगते. वर्गातील निम्मी मुले पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागांतून येतात. मागच्या सत्रात मी पीडीएफच पाठवली होती. एका मुलीने सीमेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या तडा गेलेल्या मोबाईलच्या पडद्यावर बोटांनी मोठी करत करत वहीत उतरवली, आणि पडद्यावर त्या वेळी दिसत नसलेला अर्धा भाग तिच्या वहीत आलाच नाही. पुढची तीन उदाहरणे तिने त्या अर्ध्या व्याख्येवर सोडवली होती आणि ती चुकीची का आहेत, हे मला समजण्यास बराच वेळ लागला. पाठपोट छपाईला पानामागे ७० पैसे धरले तर एक प्रत बांधणीसह सुमारे १४५ रुपयांत पडते. बाजारातील संदर्भपुस्तक त्यांना परवडत नाही.

पुस्तक "कॅल्क्युलस", खंड १. दुसऱ्या पानावर परवान्याची माहिती आहे, जशी असायला हवी तशी.

खडूफळा
आता उलगडा होऊ लागला. ओपनस्टॅक्सची बरीच पुस्तके केवळ श्रेयनिर्देशाच्या परवान्याखाली आहेत, परंतु कॅल्क्युलसच्या तिन्ही खंडांना "श्रेयनिर्देश, अव्यावसायिक, समान-वाटप" असा परवाना आहे. अनुवादास परवानगी आहे, मात्र अनुवादही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. दुकानदार बहुधा "अव्यावसायिक" या शब्दापाशी अडला असावा. ती ओळ मराठीत जशी छापली आहे तशीच, शब्दशः, येथे लिहाल का?

सातपूरची_मास्तरीण
"या पुस्तकाचा कोणत्याही प्रकारे पैसे घेऊन वापर अथवा विक्री करण्यास सक्त मनाई असून तसे आढळल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल." विद्यार्थ्यांना गांभीर्य कळावे म्हणून मी ती जरा ठसठशीत केली.

पंचवटीकर
ताई, हे वाचून मीसुद्धा छापले नसते.

खडूफळा
मॅडम, राग मानू नये, पण दुकानदाराला परवान्याने अडवलेले नाही, तुमच्या या वाक्याने अडवले आहे. मूळ परवान्यात "पैसे घेऊन वापर" असा शब्दप्रयोगच नाही. अव्यावसायिक वापर म्हणजे ज्याचा मुख्य उद्देश व्यापारी लाभ किंवा आर्थिक मोबदला मिळवणे हा नाही असा वापर, अशी तेथील व्याख्या आहे, आणि "कायदेशीर कारवाई" ही तर पूर्णपणे तुमची भर आहे. दुकानदाराने पानामागे ७० पैसे घेणार असताना "पैसे घेऊन वापर करण्यास सक्त मनाई" असे वाचले. त्याने दुसरे काय करावे?

तो छपाईचे पैसे घेतो म्हणून परवाना मोडतो का, हा खरा प्रश्न आहे आणि अमेरिकेत तो न्यायालयात गेलेला आहे. ग्रेट माइंड्स या संस्थेचे गणिताचे साहित्य याच अव्यावसायिक परवान्याखाली होते आणि शाळांच्या सांगण्यावरून त्याच्या प्रती सशुल्क काढून दिल्याबद्दल तिने फेडएक्स ऑफिस आणि ऑफिस डेपो या कंपन्यांवर दावे लावले. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी ते फेटाळले. परवाना शाळेकडे आहे, शाळेचा वापर अव्यावसायिक आहे, आणि शाळा ते काम स्वतःच्या कर्मचाऱ्याकडून करून घेते की पैसे देऊन दुकानातून, याने फरक पडत नाही, असा त्याचा आशय आहे.

एक_पक्षकार_दोन_तारखा
ते निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. तथापि युक्तिवाद सरळ आहे आणि मी तो येथेही मांडला असता. दुकानदाराच्या समाधानासाठी महाविद्यालयाच्या पत्रावर "सोबतच्या साहित्याच्या ५८ प्रती आमच्या विद्यार्थ्यांसाठी काढून द्याव्यात" असा दोन ओळींचा छपाई आदेश प्राचार्यांच्या सहीने द्यावा. पत्रात "विक्री" हा शब्द नको.

ग्रंथपाल_निवृत्त
आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे मुखपृष्ठ. ओपनस्टॅक्सचे नाव, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ यांना हा परवाना लागू नाही, म्हणून मूळ मुखपृष्ठ वापरले असेल तर बदलावे. दुसरी म्हणजे, पुस्तक छापील स्वरूपात वाटायचे असेल, तर ते ओपनस्टॅक्सच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असल्याची ओळ प्रत्येक पानावर असावी, असे त्यांनी सांगितले आहे. तिसरी म्हणजे, हा अनुवाद आहे आणि तुम्ही काही भाग वगळला आहे, हे स्पष्ट लिहावे. अन्य कोठून मजकूर घेतला आहे का?

सातपूरची_मास्तरीण
मुखपृष्ठ मूळचेच आहे. मला ते आवडले होते. आणि सांतत्याच्या प्रकरणाच्या सुरुवातीची दोन पाने विकिपीडियावरून अनुवादित केली आहेत. तेही मोफतच आहे ना?

खडूफळा
मोफत आहे, मुक्तही आहे, पण या पुस्तकात मिसळता येत नाही. विकिपीडियाचा मजकूर "श्रेयनिर्देश, समान-वाटप" परवान्याखाली आहे आणि त्याचे रूपांतर त्याच परवान्याखाली द्यावे लागते, म्हणजे व्यापारी वापरास मोकळीक ठेवून. तुमच्या पुस्तकाचा परवाना ती मोकळीक देत नाही. दोन्ही मजकूर एकजीव केले, तर एकाची अट पाळताना दुसऱ्याची मोडते. ती दोन पाने स्वतः लिहा.

ग्रंथपाल_निवृत्त
स्वतंत्र परिशिष्ट करून त्यावर त्याचा वेगळा परवाना लिहिला तरी चालेल, कारण तो संग्रह होतो, मिश्रण होत नाही. परंतु प्रकरणाची सुरुवात परिशिष्टात टाकणे विचित्र दिसेल, हे मान्य.

देवनागरी_लेटेक
"डिफरन्सिएशन" साठी कोणता शब्द वापरला आहे? मराठी विश्वकोशात "अवकलन" आहे.

पंचवटीकर
अवकलन हिंदीवाले म्हणतात. आपला शब्द विकलन.

देवनागरी_लेटेक
संस्कृतातून आलेला शब्द हिंदीने वापरला म्हणून तो हिंदी होत नाही.

सातपूरची_मास्तरीण
पहिल्यांदा येतो तेथे दोन्ही शब्द दिले आहेत आणि इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला आहे, कारण परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीत येते. यावर वेगळा धागा काढावा, ही विनंती.

सातपूरची_मास्तरीण
सर्वांना कळवत आहे. काल रात्री दुसरे पान नव्याने लिहिले. धमकीचे वाक्य काढले आणि परवान्याच्या अटी साध्या मराठीत दिल्या. मुखपृष्ठावर आता फक्त अक्षरे आहेत. विकिपीडियाची दोन पाने काढून त्या जागी गोदावरीच्या पुराच्या पातळीचे उदाहरण स्वतः लिहिले, कारण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर चढले हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते आणि पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत मधल्या उंचीला स्पर्श न करता जाऊ शकत नाही, हे त्यांना सिद्ध करून दाखवावे लागत नाही. खरे सांगायचे तर ते आधीच्या पानांपेक्षा बरे उतरले. प्राचार्यांनी पत्रावर सही केली आणि कॉलेज रोडवरील त्याच दुकानदारांनी पत्र वाचून काम घेतले. मंगळवारी संध्याकाळी प्रती मिळतील.

फक्त एक शंका आहे. त्यांना पुस्तक आवडले आहे आणि ५८ ऐवजी ८० प्रती काढून उरलेल्या काउंटरवर २०० रुपयांना ठेवतो, असे ते म्हणत आहेत. दुसऱ्या महाविद्यालयांतील मुलेही विचारतील, असे त्यांचे म्हणणे आहे. हो म्हणू का?

खडूफळा
नाही. तुमच्या सांगण्यावरून ५८ प्रती काढणे ही छपाई आहे. स्वतःच्या हिशेबाने २२ प्रती काढून नफ्यासाठी विकणे हा त्यांचा व्यवसाय झाला आणि परवान्याने अडवले आहे ते नेमके हेच. दुसऱ्या महाविद्यालयातील मुलांनी पीडीएफ आणून स्वतःसाठी प्रत मागितली, तर छपाईच्या दराने त्यांनी खुशाल काढून द्यावी. पीडीएफचा दुवा दुसऱ्या पानावर आहे ना?

सातपूरची_मास्तरीण
नव्हता. आता घालते. दुकान नऊपर्यंत उघडे आहे.