मदत हवी आहे: जर्बिलला पिल्लं झालीत, नर वेगळा काढू का?

म्युनिकवासी: मंगोलियन जर्बिलची (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) जोडी आहे, पाच पिल्लं, आज नववा दिवस. कालपासून आई पिल्लं तोंडात धरून टाकीभर फिरतेय, भुशात पुरतेय, मध्येच मागचे पाय धडाधड आपटते. टाकी ८० × ४० सेंमी, भुसा ८ सेंमी. आणखी पिल्लं नकोत. दुकानदार म्हणतो नर आजच काढा. काढू?

बिळकरी: आज काढून उपयोग नाही. मादी विते त्याच दिवशी पुन्हा माजावर येते, त्यामुळे दुसरी वीण बहुधा पोटात आहेच. एरवी गर्भकाळ २४ ते २६ दिवस. अंगावर पिल्लं पीत असली की गर्भ उशिरा रुजतो आणि हाच काळ ४० दिवसांपर्यंत लांबू शकतो. तुम्हाला अडवायची आहे ती तिसरी वीण. शिवाय नर पिल्लांना ऊब देतो, घरटं डागडुजी करतो. त्याला दोन दिवस बाहेर ठेवून परत सोडलंत तर मादी परका समजून फाडून काढेल.

फिरवाफिरवीचं कारण भुसा. ८ सेंमीत बोगदा टिकत नाही, मग आईला आडोसा मिळत नाही. घरट्याला हात न लावता टाकीच्या दुसऱ्या टोकाला भुसा आणि सुकं गवत थर देऊन २५ सेंमीपर्यंत चढवा. बिनवासाच्या टिश्यूच्या पट्ट्या टाका, ती स्वतः ओढून नेईल. कापूस अजिबात नको, तंतू पिल्लांच्या पायात गुंततात. चाक काढा, पाण्याची नळी खाली आणा, साफसफाई थांबवा.

वाळूतला: नर-मादी ओळखायची तर आज-उद्याच बघा, केस दाट झाले की संपलं. पिल्लू तळहातावर उताणं धरा: मादीच्या पोटावर स्तनांचे बारीक ठिपके दोन रांगांत दिसतात. नराला ठिपके नसतात, आणि लघवीचं छिद्र व गुदद्वार यांतलं अंतर मादीपेक्षा जास्त असतं. अर्ध्या मिनिटात परत ठेवा. शेपटीला धरू नका, कातडी सोलून हातात येते.

म्युनिकवासी: मग नर नेमका कधी काढायचा?

बिळकरी: बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी, दुसरी वीण होण्याआधी. त्याच टाकीत उभी जाळी लावून एका बाजूला ठेवा. जाळी दुहेरी, मध्ये बोटभर फट. एकेरी जाळीतून नाकं-बोटं चावली जातात. जाळी तळापर्यंत हवी, नाहीतर खालून उकरतात. वास येत राहतो, म्हणून पाच आठवड्यांची नर पिल्लं बापाकडे दिली की सहसा भांडण होत नाही. एकटा जर्बिल ठेवू नये, म्हणून हा खटाटोप.

मुली आईजवळ राहू शकतात, पण वयात येऊ लागल्या की एखादीला कळपातून हाकललं जातं. पाठलाग, कोपऱ्यात कोंडणं, शेपटीच्या मुळाशी चावे दिसले की दोघी-दोघींच्या जोड्या करून हलवा. रक्त दिसेपर्यंत थांबलात तर ती जोडी पुन्हा जुळत नाही.

वाळूतला: नव्या टाकीत गेल्यावर एखादं पिल्लू ताठ होऊन थरथरलं तर उचलू नका. जर्बिलना वंशपरंपरेने असे झटके येतात, मिनिट-दोन मिनिटांत उतरतात. अंधार करा आणि हात लांब ठेवा. पुन्हापुन्हा येत असतील तर त्या पिल्लावरून पुढे वीण घेऊ नका.